भिजणे आणि मुरणे



हा लेख लिहीत असताना ऑक्टोबर महिना संपत आला आहे. माझ्या स्वयंपाकघरातील फडताळात, उजेड पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात, काचेची एक बरणी ठेवलेली आहे. तिच्यात बेदाणे, काळ्या मनुका, चिरलेले खजूर, अंजीर, जर्दाळू आणि संत्र्याच्या सालीचे साखरेत पाकवलेले तुकडे असा सुमारे एक किलो सुकामेवा रममध्ये बुडवून ठेवला आहे. दर रविवारी मी झाकण उघडते, कोरड्या चमच्याने मेवा खालीवर करते आणि रम कमी झाली असेल तर थोडी भर घालते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात या मेव्याचा नाताळचा केक होईल. मी ख्रिस्ती नाही आणि मद्य मी आयुष्यात कधी घेतलेले नाही. तरीही गेली काही वर्षे ही बरणी माझ्या घरात भरली जाते. तिची हकिकत तुम्हांला सांगावी असे वाटते. कारण मराठीतील दोन साध्या क्रियापदांचा अर्थ मला या बरणीपाशी कळला आणि तो कळायला फार वर्षे लागली. भिजणे आणि मुरणे ही ती दोन क्रियापदे.

1995 साली मी पीएच.डी.साठी सामवेदी बोलीचा अभ्यास करत होते. वसई परिसरात ही बोली बोलणारे हिंदू आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. 1534 पासून 1739 पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या दोन शतकांत तेथील पुष्कळ कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र घरातली बोली तीच राहिली. अशाच एका ख्रिस्ती कुटुंबात मी राहत असे. घरातल्या ज्येष्ठ बाईंना मी मावशी म्हणत असे. त्या घरच्यांशी सामवेदीत बोलत आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत. मी क्रियापदे गोळा करायला आले आहे हे कळल्यावर त्यांना मोठी गंमत वाटली होती. ‘‘आम्ही वांगी गोळा करतो, तू क्रियापदं गोळा कर,’’ असे त्या म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी दिवाळीला मी गावी गेले होते. आमचे गाव तासगाव तालुक्यात. परतताना आईने दोन किलो बेदाणे माझ्या पिशवीत घातले. ज्या घरी राहतेस तिथे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, एवढेच ती म्हणाली. ते दोन किलो तिच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. आमची द्राक्षबाग कधीच विकली गेली होती. वडिलांच्या दारूत आधी बाग गेली आणि पुढे वडीलही गेले. त्यानंतर आई दुसऱ्याच्या बेदाणा शेडमध्ये निवडणीला जाऊ लागली. हंगामात दिवसभर बसून दाण्यांचे देठ काढायचे, काळे पडलेले दाणे वेगळे करायचे, रंग आणि आकार पाहून प्रती लावायच्या, हे तिचे काम.

बेदाणा कसा होतो हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा एक पातळ थर असतो. तो आतले पाणी सहजासहजी बाहेर पडू देत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर तेल हे त्याचे प्रमाण. काही मिनिटांच्या त्या बुडीने मेणाचा थर सैल होतो. मग घड शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात आणि सावलीत, वाऱ्यावर सुमारे पंधरा दिवसांत ते वाळतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. उरलेले तीन किलो म्हणजे हवेत गेलेले पाणी. सुकण्यासाठीही आधी बुडावे लागते, ही गोष्ट मला लहानपणी फार विचित्र वाटे.

मावशींनी ते बेदाणे परातीत ओतले आणि हाताने चाळवून पाहिले. ‘‘किती स्वच्छ निवडलेत!’’ असे त्या म्हणाल्या तेव्हा मला अभिमान वाटला. मग त्यांनी ते धुतले, फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे केले. पाण्याचा अंश राहिला तर मेवा बिघडतो, हे त्या हात चालू ठेवूनच सांगत होत्या. खजूर आणि जर्दाळू चिरून झाले. सगळे मोठ्या बरणीत गेले. शेवटी त्यांनी कपाटातून रमची बाटली काढली आणि बूच उघडले.

तो वास मला आठ वर्षांनी आला. आमच्या घरातला तो वास म्हणजे रात्री उशिरा वाजणारी कडी, आईचा दबलेला आवाज आणि अंथरुणात डोळे घट्ट मिटून पडलेली मी. आईने एकेक देठ काढून स्वच्छ केलेल्या दाण्यांवर त्या वासाची धार पडताना मी पाहिली आणि उठून अंगणात गेले. बराच वेळ परत आले नाही.

मावशींनी काहीही विचारले नाही. आमच्या धर्माला किंवा रीतीला हे चालत नसावे, असा त्यांनी समज करून घेतला असावा. मीही तो समज दूर केला नाही. खरे कारण सांगण्यापेक्षा ते सोपे होते. दुसऱ्या दिवशी पाहिले तर दोन मुठी कोरडे बेदाणे त्यांनी एका डब्यात वेगळे काढून ठेवले होते. डब्यावर खडूने माझ्या नावाचे पहिले अक्षर लिहिले होते.

इथे थोडे थांबून या बरणीतल्या शब्दांकडे पाहा. ‘बेदाणा’ हा शब्द फारसीतून आला. ‘बेफिकीर’, ‘बेकार’ यांतला ‘बे’ म्हणजे ‘विना’. ज्यात दाणा, म्हणजे बी नाही, तो बेदाणा. ‘जर्दाळू’ म्हणजे फारसीत पिवळा आलुबुखार. ‘दालचिनी’ म्हणजे चीनचे लाकूड. ‘अंजीर’, ‘बदाम’ आणि खुद्द ‘मेवा’ हेही फारसीच. ‘काजू’ पोर्तुगीजांनी दिला, आणि ‘नाताळ’ हा शब्दही त्यांचाच. जायफळ आणि लवंग संस्कृतातून आल्या. ‘केक’ आणि ‘रम’ इंग्रजीतून. एका बरणीत इतक्या भाषा शेजारी शेजारी नांदतात आणि तासगावच्या शेतकऱ्याला किंवा वसईच्या गृहिणीला त्यांतला एकही शब्द परका वाटत नाही.

मात्र सगळे शब्द सारखेच रुजलेले नाहीत. हे ओळखण्याची एक खूण आहे आणि ती तुम्ही व्याकरणाच्या घटकात अभ्यासली आहे. ती म्हणजे सामान्यरूप. प्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नाम आपले रूप बदलते: घर, पण घरात, दाणा, पण दाण्यात. ‘बेदाणा’ तसाच वागतो: बेदाण्यात. पोर्तुगीजांकडून आलेला ‘पाव’ही ‘पावात’ होतो, ‘पगार’ ‘पगारात’ होतो. पण ‘केक’? आपल्यापैकी बहुतेक जण ‘केकमध्ये’ म्हणतात. शब्द आपण घेतला, वापरलाही. पण त्याला वाकवायला जीभ अजून कचरते. मी मात्र मावशींच्या तोंडून पहिल्यांदा ‘केकात’ ऐकले. ‘‘केकात मेवा खाली बसू नये म्हणून त्याला आधी मैदा चोळायचा.’’ मी ते वहीत टिपून घेतले. त्यांच्या घरात केक इतका जुना होता की त्याला सामान्यरूप मिळाले होते.

त्या नोव्हेंबर-डिसेंबरात मी बरणी दर आठवड्याला पाहत होते, थोडी लांबूनच. पहिल्या आठवड्यात बेदाणे फक्त ओले दिसत होते. मग ते फुगू लागले. रमची पातळी खाली गेली, मावशींनी भर घातली, ती पुन्हा खाली गेली. रमचा रंग गडद झाला, कारण बेदाणे घेत होते तसे देतही होते. वाळलेल्या दाण्यात साखर दाटलेली असते. ती बाहेरचा द्रव आत ओढते आणि स्वतः थोडी बाहेर उतरते. असा मेवा केकच्या पिठातला ओलावा शोषून घेत नाही, म्हणून केक कोरडा पडत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असते. त्यामुळे मेवा महिनोन्महिने आंबत नाही. भट्टीत त्यातले बरेचसे उडून जाते. सगळे जात नाही. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती आगमनकाळापूर्वीचा शेवटचा रविवार हा नाताळचे मिश्रण ढवळण्याचा दिवस मानतात. त्या दिवशीच्या इंग्रजी प्रार्थनेचा आरंभच ढवळून जागे करण्याच्या अर्थाच्या क्रियापदाने होत असे. ते कानी पडले की गृहिणींना घरच्या कामाची आठवण होई. एका क्रियापदाने दिवसाला नाव दिले, हे वाचले तेव्हा मला मावशींच्या स्वयंपाकघराची आठवण झाली होती.

22 डिसेंबरच्या संध्याकाळी मावशींनी माझा डबा उघडला. संत्र्यांचा रस काढून, गाळून, कोमट करून त्यात ते बेदाणे टाकले. सकाळपर्यंत ते टम्म फुगले होते. मी विचारले, ‘‘एका रात्रीत जर हे असे होतात, तर त्या बरणीला दोन महिने कशाला?’’

मावशी म्हणाल्या, ‘‘हे भिजलेत, पोरी. ते मुरलेत. भिजलेलंही चांगलंच असतं, फक्त टिकत नाही.’’

मी वही काढली. दोन अकर्मक क्रियापदे. दोहोंत द्रव आणि घन यांचा संबंध. पहिल्यात बाहेरून आलेला ओलावा. दुसऱ्यात काळाचा अंश आणि गुणात होणारा बदल. दोन वर्षांनी माझ्या प्रबंधात हे वाक्य उदाहरण म्हणून छापले गेले. परीक्षकांनी त्या विश्लेषणाची स्तुती केली. विश्लेषण चुकीचे नव्हतेच.

नाताळच्या दिवशी घरात दोन केक होते. मोठा, काळपट, करपवलेल्या साखरेच्या रंगाचा. आणि एक लहान, फिकट, माझ्यासाठी. मी लहान केक खाल्ला. तो खरोखरच चांगला होता. दुसऱ्या दिवशी मी गावी निघाले तेव्हा मावशींनी मोठ्या केकाचा एक जाड तुकडा बटर पेपरात गुंडाळून दिला. माझा चेहरा पाहून त्या घाईने म्हणाल्या, ‘‘तुझ्या आईनं खाल्ला नाही तरी चालेल. पण तिला दाखव. तिचे दाणे आहेत यात. त्यांचं काय झालं ते तिला कळायला हवं.’’

रात्रीच्या गाडीत तो तुकडा माझ्या पिशवीत होता. कपड्यांना वास लागेल, आईला येईल, घरात तो वास पुन्हा शिरेल, एवढेच माझ्या मनात होते. पहाटेपूर्वी केव्हातरी मी खिडकी वर केली आणि तो बाहेर टाकून दिला. पुढच्या खेपेला मावशींनी विचारले, तेव्हा ‘आईला आवडला’ असे सांगितले. त्या फार खूश झाल्या.

आता मुरण्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. लोणचे मुरते, मोरावळा मुरतो, गाणे गळ्यात मुरते, माणूस राजकारणात मुरतो. पण भिंतीत पाणीही मुरते आणि वर्षानुवर्षे आतून भिंत पोखरते. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला लबाडीचा संशय असतो. मुरलेले सगळेच गोड असते असे नाही. वडिलांच्या त्या वासाची भीती माझ्यात मुरली होती आणि मी ते नीतिमूल्य समजत होते. वसईच्या त्या घरात रोज राहून, तिथले अन्न खाऊन, तिथल्या बोलीवर पदवी मिळवूनही मी केवळ भिजले होते. ओलावा आत उतरला नव्हता.

बारा-तेरा वर्षांनी, एका उन्हाळ्यात, आई माझ्याकडे राहायला आली होती. बोलता बोलता तिने सहज विचारले, ‘‘त्या वसईच्या बाईंनी आपल्या बेदाण्याचं काय केलं हुतं गं?’’ मी सगळे सांगितले. बरणी, रम, डब्यावरचे अक्षर, गाडीची खिडकी. आता ती माझी समजूत घालील, बरे केलेस म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘दाखवायचास की. पंधरा वर्सं लोकांच्या शेडात दाणं निवडलं. म्होरं त्यांचं काय हुतंय, ते एकदाबी कुणी दाखवलं न्हाई.’’ थोड्या वेळाने तिने विचारले, ‘‘दारूची चीड मला तुझ्यापेक्षा कमी हुती का?’’

मला उत्तर देता आले नाही. मी वडिलांचा वास बाहेर टाकत आहे असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मी आईचे काम बाहेर टाकले होते. मावशींना ते न सांगता दिसले होते. ‘तिला दाखव’ एवढे दोनच शब्द त्या म्हणाल्या होत्या आणि क्रियापदांच्या अभ्यासकाने नेमके तेच क्रियापद ऐकले नव्हते. हे सगळे मावशींना सांगावे असे मनात आले; पण त्याआधी दोन वर्षे त्या वारल्या होत्या. आणखी एक गोष्ट त्या रात्री माझ्या लक्षात आली. आई ‘शेडात’ म्हणाली होती. ‘शेड’ हा शब्द मी आयुष्यभर ‘शेडमध्ये’ असाच वापरला. ज्यांनी तिथे दिवस काढले त्यांच्या तोंडी त्याला सामान्यरूप मिळाले होते, मावशींच्या केकासारखेच.

हे मी तुम्हांला का सांगते? तुमच्यापैकी अनेकांनी शिक्षण मध्येच सोडले होते. कुणी संसारासाठी, कुणी नोकरीसाठी, कुणी घरातल्या आजारपणासाठी. संपर्कसत्रात भेटणारे विद्यार्थी मला सांगतात की घरचे लोक त्यांच्या बी.ए.ला ‘भिजत घोंगडे’ म्हणतात. सांगताना हसतात, पण ते शब्द त्यांना लागलेले असतात. घोंगडे भिजत पडते तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून ते कुजते. बरणीतला मेवा तितकाच काळ पडून असतो. पण दर आठवड्याला कुणीतरी झाकण उघडते, ढवळते, कमी पडले ते घालते. दोहोंत फरक आहे तो या लक्ष देण्याचा. तुम्ही रात्री कामे आटोपून या पुस्तिकेची चार पाने वाचता, तेव्हा झाकण उघडलेले असते. परीक्षेपूर्वीच्या एका रात्रीत उत्तरे टम्म फुगतात, हेही खरे. तसे करूनही गुण मिळतात. मला मिळाले होते.

आणि एक काम सांगते. तुमच्या घरात, शेतात, कारखान्यात जे इंग्रजी शब्द रोज वापरले जातात, त्यांची आठवडाभर एक यादी करा. कोणत्या शब्दाला सामान्यरूप मिळाले आणि कोणता अजून ताठ आहे, ते पाहा. त्यापुढे तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकला तेही लिहा. माझ्या वहीत वाक्ये होती. पण ती बोलणाऱ्यांकडे मी पुरेसे पाहिले नव्हते. तुम्ही ती चूक करू नका.

त्या उन्हाळ्यानंतरच्या ऑक्टोबरात मी पहिल्यांदा रमची बाटली विकत आणली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणताना हात थरथरत होते. वास आजही तोच आहे; झाकण उघडले की छातीत क्षणभर काहीतरी घट्ट होते. मी थांबते, मग चमचा फिरवते. केक झाला की पहिला तुकडा आईपुढे ठेवते. ती तो उजेडात धरून बघते, कापलेल्या बाजूला दिसणारे दाणे बोटाने मोजल्यासारखे करते आणि मला परत देते. खात नाही. मीही तिला आग्रह करत नाही.

आता तिचे वय झाले आहे आणि नजरही अधू झाली आहे. बरणीच्या झाकणाला ती हात लावत नाही. पण ऑक्टोबर आला की बेदाण्याची पिशवी आपल्यापुढे ओढून घेते आणि खिडकीपाशी बसते. देठ तीच काढते.